लाईट गेल्यावर काय उरलं? एनबीडीचा पॅच असा तपासा

एका मशीनवरची डिस्क नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनला स्वतःचीच वाटावी, यासाठी नेटवर्क ब्लॉक डिव्हाइस म्हणजेच एनबीडी वापरतात. क्लायंटचा ड्रायव्हर लिनक्स कर्नलमध्येच असतो. सर्व्हर म्हणून एनबीडी-सर्व्हर, एनबीडीकिट, क्यूएमयू-एनबीडी यांपैकी काहीही चालतं, आणि सगळ्यांचा कोड खुला आहे. वेबसाइटच्या कोडमध्ये चूक झाली तर पान वाकडं दिसतं, लगेच कळतं. इथली चूक मात्र डिस्कवर गप्प बसून राहते आणि सहा महिन्यांनी कुणी फाइल उघडली की बाहेर येते. त्यामुळे पॅच (कोडमध्ये सुचवलेला बदल) वाचणाऱ्याची जबाबदारी मोठी. पण सी भाषा आणि थोडं सॉकेट प्रोग्रामिंग येणाऱ्या जळगाव-धुळे-नंदुरबारच्या विद्यार्थ्यालाही हे काम नक्की जमतं. दोन जुनी मशीन आणि एक लॅनची वायर एवढं सामान पुरतं.

आधी बिल्टी वाचायला शिका

सावदा-रावेरहून केळीचा ट्रक उत्तरेकडे निघतो तेव्हा सोबत बिल्टी असते: माल कुठे जायचाय, किती आहे, नंबर काय. एनबीडीची प्रत्येक विनंती तशीच बिल्टी घेऊन निघते. साध्या विनंतीचं हेडर २८ बाइटचं असतं. त्यात ४ बाइट ओळखखूण, २ बाइट फ्लॅग, २ बाइट कामाचा प्रकार, ८ बाइट कुकी, ८ बाइट ऑफसेट (डिस्कवर कुठून सुरुवात) आणि ४ बाइट लांबी. साधं उत्तर १६ बाइटचं: ४ ओळखखूण, ४ एरर, ८ कुकी. कुकी म्हणजे बिल्टी नंबर. उत्तरं मागेपुढे आली तरी चालतं, कारण कोणतं उत्तर कोणत्या विनंतीचं हे कुकीवरून कळतं.

सगळे आकडे बिग-एंडियन क्रमाने (मोठ्या किमतीचा बाइट आधी) जातात. आपली बहुतेक मशीन लिटल-एंडियन, म्हणून प्रत्येक आकडा उलटवावा लागतो. एकाच पॅचमध्ये क्लायंट आणि सर्व्हर दोघांनी उलटवायचं विसरलं, तर त्यांचं आपसात झकास चालतं. दुसऱ्या कुणाच्या सर्व्हरशी जोडलं की बंद पडतं. म्हणून प्रोटोकॉलला हात लावणारा पॅच किमान एका परक्या सर्व्हरशी किंवा क्लायंटशी जोडून बघाच. कर्नलच्या कोडसाठी स्पार्स हे साधन अशा चुका बिल्ड करतानाच दाखवतं.

पॅच लावा, पण एकेक करून

नवी ब्रँच काढून गिट एएमने पॅच लावा. मालिकेत पाच पॅच असतील तर पाचही एकदम लावून बिल्ड करू नका. गिट रिबेसच्या एक्झेक पर्यायाने प्रत्येक पॅचनंतर बिल्ड आणि टेस्ट चालवा. मधला एखादा पॅच बिल्ड होत नसेल तर पुढे कुणी गिट बायसेक्टने दोष शोधायला गेलं की तिथेच अडकतं. कर्नलचा पॅच असेल तर चेकपॅच (कोडची शैली तपासणारी स्क्रिप्ट) चालवा. ते पाच मिनिटांचं काम आहे, त्यावर जास्त वेळ घालवू नका.

मग कमिटचा मजकूर. त्यात काय बदललं यापेक्षा का बदललं हे असायला हवं: दोष कधी दिसतो, कुणाला त्रास होतो. जुनी चूक दुरुस्त करत असेल तर फिक्सेस ओळीत मूळ कमिटच्या हॅशची पहिली १२ अक्षरं हवीत. ती कमिट स्वतः उघडून बघा. चूक खरोखर तिथेच सुरू झाली होती का? बऱ्याचदा ती त्याच्याही आधीची निघते.

समोरून आलेल्या आकड्यावर विश्वास नको

हेडरमधली लांबी, ऑफसेट, नावाची लांबी, कुकी हे सगळं समोरच्याने लिहिलंय. पॅचमध्ये असा आकडा जिथे जिथे वापरलाय तिथे थांबा.

एनबीडी-सर्व्हरच्या ३.२४ आधीच्या आवृत्त्यांमधला दोष याचं नेमकं उदाहरण आहे. क्लायंट एक्सपोर्टचं (सर्व्हरने देऊ केलेल्या डिस्कचं) नाव पाठवतो, त्याआधी ४ बाइटमध्ये नावाची लांबी. सर्व्हर त्या लांबीत १ मिळवून तेवढी मेमरी मागायचा, शेवटच्या शून्य बाइटसाठी. आता क्लायंटने लांबी म्हणून ४ बाइटमधला सगळ्यात मोठा आकडा, ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९५, पाठवला तर? १ मिळवल्यावर बेरीज शून्यावर येते, शून्य बाइटची मेमरी मिळते आणि लिहिणं भलत्याच जागी होतं. कोडची ती ओळ वाचताना अगदी निरुपद्रवी दिसते. २०२२ मध्ये ही चूक सुरक्षा-दोष म्हणून नोंदली गेली.

हाच प्रकार ऑफसेटच्या बाबतीत. ‘ऑफसेट अधिक लांबी डिस्कच्या आकारापेक्षा मोठी आहे का’ अशी तपासणी दिसली की शेरा लिहा, कारण ती बेरीजसुद्धा उलटू शकते. बरोबर तपासणी अशी: आधी ऑफसेट आकारापेक्षा मोठा आहे का बघा, मग लांबी ‘आकार वजा ऑफसेट’पेक्षा मोठी आहे का बघा. वजाबाकी उलटत नाही.

क्लायंटच्या बाजूने कुकीही तपासा. क्लायंटने कधी न पाठवलेल्या विनंतीची कुकी सर्व्हरने दिली, किंवा एकच कुकी दोनदा दिली, तर कोड काय करतो? सरळ तो आकडा घेऊन टेबलात घुसत असेल, तर मोकळी केलेली मेमरी वापरली जाण्याची भीती आहे.

एररची वाट सगळ्यात आधी वाचा

टीसीपीत विनंत्यांच्या मध्ये कुंपण नसतं, बाइट एकामागे एक येत राहतात. सर्व्हरने केवळ-वाचनीय डिस्कवरची राइट नाकारली तरी त्या राइटसोबतचा डेटा सॉकेटवर येतोच. तो वाचून फेकून दिला नाही, तर पुढचे २८ बाइट हेडर समजून सर्व्हर डेटाच वाचतो. ओळखखूण जुळली नाही तर जोडणी तुटते, तेवढ्यावर निभावलं तर नशीब. याउलट रीडला एरर आली तर साध्या उत्तरासोबत डेटा जात नाही. पाठवला तर क्लायंटचा हिशोब बिघडतो. म्हणून पॅचमधली प्रत्येक लवकर परत फिरणारी ओळ शोधा आणि विचारा: या क्षणी सॉकेटवर किती बाइट न वाचलेले आहेत?

रीसीव्ह एकदा बोलावून पूर्ण बाइट मिळतील असं धरलेलं असेल तर तेही परत पाठवा. लोकलहोस्टवर ते चालतं, खऱ्या वायरवर अर्धेच बाइट येतात.

फ्लश: दिलेला शब्द

इथे घाई करू नका. अर्धा दिवस लागला तरी लावा.

फ्लश म्हणजे कॅशमधलं सगळं टिकाऊ जागी लिहून टाक अशी विनंती. तिचं उत्तर ‘झालं’ असं आलं म्हणजे, त्याआधी ज्या राइटची उत्तरं गेली होती त्या सगळ्या टिकाऊ जागी पोचल्या. एफयूए (ही राइट थेट टिकाऊ जागी लिही) फ्लॅग असलेल्या राइटचं उत्तर ती स्वतः टिकाऊ झाल्यावरच जायला हवं. एकापेक्षा जास्त जोडण्या चालतात असं सर्व्हरने जाहीर केलं असेल, तर एका जोडणीवरच्या फ्लशने दुसऱ्या जोडणीवर पूर्ण झालेल्या राइटही टिकाऊ व्हायला हव्यात. थ्रेड किंवा जोडण्या वाढवणारा पॅच वेग वाढवतो आणि नेमकं हेच मोडतो.

एफसिंकने (फाइल डिस्कवर पक्की लिहायला लावणारा सिस्टिम कॉल) परत दिलेली एरर दुर्लक्षित झालीय का बघा. एरर आल्यावर पुन्हा एफसिंक करून ‘आता ठीक आहे’ म्हणणारा कोडही चुकीचा आहे. लिनक्समध्ये पहिली एरर सांगितल्यावर मेमरीतली ती न लिहिली गेलेली पानं स्वच्छ समजली जाऊ शकतात आणि दुसरं एफसिंक यशस्वी होतं, पण डेटा गेलेला असतो.

आता आपल्याकडचा नेहमीचा प्रसंग घ्या. सर्व्हर म्हणजे लॅबमधला डेस्कटॉप, इन्व्हर्टर नाही. क्लायंट म्हणजे बॅटरीवरचा लॅपटॉप. लाईट जाते, दोन मिनिटांत येते. डेस्कटॉप पुन्हा सुरू होतो, लॅपटॉप पुन्हा जोडतो. उत्तर न आलेल्या राइट तो परत पाठवतो, ते ठीक. पण ज्या राइटची उत्तरं आली होती आणि फ्लश व्हायचा होता, त्या लॅपटॉपने विसरून टाकल्यात आणि डेस्कटॉपच्या कॅशमधून त्या उडाल्यात. मग लॅपटॉप फ्लश पाठवतो, सर्व्हर प्रामाणिकपणे ‘झालं’ म्हणतो आणि फाइल सिस्टिमला वाटतं सगळं सुखरूप आहे. आपोआप पुन्हा जोडणारा कोणताही पॅच आला की हा प्रसंग कागदावर काढून लेखकाला विचारा: तुमच्या कोडमध्ये इथे काय होतं?

ट्रिम आणि राइट-झिरोज यांची गल्लतही होते. ट्रिम (ही जागा आता नको) ही फक्त सूचना, सर्व्हरने ऐकली नाही तरी चालतं. राइट-झिरोजनंतर मात्र शून्यच वाचायला मिळायला हवीत. दुसऱ्याचं काम पहिल्यावर भागवणारा पॅच नाकारा.

मोडून बघा

एनबीडीकिटच्या मेमरी प्लगिनने १ जीबीची डिस्क उभी करा. एरर फिल्टर लावून १० टक्के विनंत्या फेल करा, डिले फिल्टरने उत्तरं उशिरा पाठवा. क्लायंटवर फायो (डिस्कवर लिहून-वाचून तपासणारं साधन) सीआरसी३२सी चेकसमच्या पडताळणीसह चालवा.

मग जोडणी तोडा, पण तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी, कारण कोडच्या वाटा वेगळ्या आहेत. सर्व्हरची प्रोसेस मारली की क्लायंटला लगेच कळतं. वायर काढली किंवा फायरवॉलमध्ये पॅकेट गिळले की काहीच कळत नाही, टाइमआउटची वाट चालते. प्रोसेस सिगस्टॉपने गोठवली तर टीसीपी जिवंत दिसतं पण उत्तर येत नाही. सर्वात जास्त पॅच इथेच अडकतात.

फ्लश तपासायला प्रोसेस मारून उपयोग नाही, कारण पेज कॅश कर्नलकडे शाबूत राहते. सर्व्हर व्हर्च्युअल मशीनमध्ये डिस्कवरच्या फाइलसह चालवा आणि ते मशीनच एकदम बंद करा. मेमरी प्लगिन या तपासणीला चालत नाही.

क्लायंट-सर्व्हर एकाच मशीनवर ठेवून जड राइट चालवू नका. मेमरी कमी पडली की कर्नल साचलेली पानं एनबीडीवर लिहायला बघतं, ते लिहायला सर्व्हरला मेमरी हवी असते, आणि दोघे एकमेकांची वाट बघत बसतात. तो दोष पॅचचा नसतो. भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांपार जातो, तेव्हा जुना लॅपटॉप तापून मंदावतो. वेगाचे आकडे पहाटे घ्या.

शेरा

एका शेऱ्यात एकच मुद्दा लिहा: ओळ कोणती, कोणत्या क्रमाने काय घडलं की बिघडतं, आणि तुम्ही ते करून पाहिलं की फक्त वाचून सांगताय. डेटा जाण्याचा दोष आणि नावाचं स्पेलिंग एकाच वजनाने लिहू नका. पॅचची दुसरी आवृत्ती आली की गिट रेंज-डिफने पहिलीशी लावून बघा; लेखकाने न सांगता बदललेली ओळ तिथे सापडते. पूर्ण वाचून पटलं असेल तरच रिव्ह्यूड-बाय लिहा. फक्त चालवून पाहिलं असेल तर टेस्टेड-बाय लिहा आणि सोबत कर्नलची आवृत्ती, सर्व्हर कोणता होता आणि जोडणी कशी तोडली तेही नोंदवा.