पोग्रोमनंतरची चित्रं पाहताना या चुका टाळा

पहिली चूक चित्रापाशी पोचण्याआधीच होते. ‘पोग्रोम’ला, म्हणजे ज्यूंवरच्या सामूहिक हिंसक हल्ल्याला, आपण सर्रास ‘दंगल’ म्हणतो. दंगल म्हटली की दगड दोन्हीकडून आले. १९०६ साली रशियन साम्राज्यातल्या ब्यालिस्टोक आणि शेडल्त्से या गावांत ज्यूंवर जे हल्ले झाले, त्यांत सैनिकही सामील होते. त्याला कत्तल म्हणा, नाहीतर सरळ पोग्रोमच म्हणा.

या हल्ल्यांनंतरची वाताहत मॉरित्सी मिन्कोव्स्की या पोलिश ज्यू चित्रकाराने रंगवली. त्याच्या ‘पोग्रोमनंतर’ या चित्रात बघणारे रक्त शोधतात, मिळालं नाही की पुढे सरकतात. चित्रात मारेकरी नाही, चाकूही नाही. बेघर झालेली दमलेली माणसं आणि हाताला लागेल ते बांधून आणलेलं सामान आहे. घडायचं ते घडून गेलंय. मिन्कोव्स्कीला लहानपणापासून ऐकू येत नसे. चित्रातल्या शांततेचा धागा थेट त्याच्या बहिरेपणाला जोडायचा मोह मलाही होतो, पण तो आवरलेला बरा.

ज्यूंचं दुःख दिसलं की हिटलर आठवणं, ही आणखी एक खोड. मिन्कोव्स्की १९३० मध्येच ब्युनॉस आयर्सला वारला. हिटलर सत्तेवर आला १९३३ मध्ये.

सर्वांत जास्त गोंधळ रशियन साम्राज्यात जन्मलेल्या मार्क शगाल या ज्यू चित्रकाराच्या ‘पांढरा क्रूसारोहण’ या १९३८ च्या चित्रावर होतो. मधोमध येशू, म्हणून हे ख्रिस्ती भक्तिचित्र समजलं जातं. पण त्याच्या कमरेला काय गुंडाळलंय ते पाहा: ज्यू पुरुष प्रार्थनेच्या वेळी घेतात ती शाल. शगालचा येशू छळलेला ज्यू आहे. भोवती पेटलेलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), उलटीपालटी घरं, माणसांनी भरलेली नाव. डावीकडची लाल निशाणं बघून ‘नाझी आले’ असं लिहू नका. ती घेऊन येणारा जमाव पूर्वेकडचा, शगालच्या रशियातल्या आठवणींचा. चित्राचा संबंध फक्त त्या वर्षीच्या नोव्हेंबरातल्या ‘क्रिस्टालनाख्ट’शी, म्हणजे नाझींनी ज्यूंवर देशभर केलेल्या हल्ल्यांशी, लावणंही अपुरं आहे. म्युनिकचं मुख्य सिनेगॉग जूनमध्ये, न्यूरेंबर्गचं ऑगस्टमध्येच पाडलं गेलं होतं.

आणि या चित्राचा जुना फोटो मिळाला तर आजच्या चित्राशेजारी ठेवून पाहा. खाली डावीकडच्या म्हाताऱ्याच्या छातीवरच्या पाटीवर आधी जर्मनमध्ये ‘मी ज्यू आहे’ असं लिहिलेलं होतं, आणि सिनेगॉगपाशी उभ्या माणसाच्या दंडावर नाझींचं स्वस्तिक होतं. नंतर शगालने दोन्हींवर रंग फिरवला. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आज पाटी दिसते, ती कोरी.