स्पिरिटच्या दिव्याची उष्णता जाते कुठे?

स्पिरिटच्या दिव्यावर पाणी तापवायचं आणि जळालेल्या ग्रॅमभर अल्कोहोलमधून किती उष्णता मिळते ते मोजायचं, असा हा प्रयोग. खानापुरात जुलैमध्ये तो करणार असाल तर वारा येऊ नये म्हणून आधी पश्चिमेकडच्या खिडक्या लावून घ्या. एका पावसाळ्यात आमच्या वर्गात इथेनॉलचं (स्पिरिटमधल्या अल्कोहोलचं) उत्तर ग्रॅमला 11 किलोज्यूल आलं, खरा आकडा 29.7. पोरांनी वहीत लिहिलं, ‘मानवी चूक’. ते मी खोडायला लावलं. कुठली चूक, केवढी, ते लिहा की!

हिशेब असा. 100 ग्रॅम पाणी 20 अंशांनी तापलं, तर पाण्याला (ग्रॅममागे अंशाला 4.18 ज्यूल) 8.36 किलोज्यूल मिळाले. त्यात अर्धा ग्रॅम इथेनॉल जळालं असेल, तर ग्रॅमला 16.7, म्हणजे निम्म्याहून थोडंसं जास्त. उरलेलं बहुतेक सगळं ज्योतीच्या बाजूने हवेत जातं. म्हणून तुपाचा रिकामा पत्र्याचा डबा दोन्हीकडून कापून दिव्याभोवती उभा करा. खाली हवेसाठी भोकं हवीत, नाहीतर ज्योत गुदमरते आणि काजळी धरते. काजळी म्हणजे न जळलेला कार्बन, त्याची उष्णता पाण्यापर्यंत आलीच नाही. ब्युटेनॉल या दुसऱ्या अल्कोहोलला ती जास्त येते. दर खेपेला बूड पुसा आणि वात ते भांडं हे अंतर सगळ्या अल्कोहोलांना एकच ठेवा.

100 ग्रॅमचं काचेचं चंचुपात्र त्याच 20 अंशांसाठी स्वतःच 1.7 किलोज्यूलच्या आसपास घेतं. तांब्याचं पातळ भांडं बरं. त्याचं वजन ग्रॅममध्ये घ्या, 0.385 ने (ग्रॅमभर तांबं एक अंश तापायला लागणारे ज्यूल) आणि वाढलेल्या अंशांनी गुणा, आलेले ज्यूल पाण्याच्या उष्णतेत मिळवा.

दिवा विझवला की लगेच टोपण. गरम वातीतून उडालेलं स्पिरिट आपण जळालं म्हणून धरतो. काटाही बघा: 0.1 ग्रॅमचा असेल तर अर्ध्या ग्रॅममागे एका घराचा फरक म्हणजे 20 टक्के. सराफाकडे असतो तसा 0.01 चा काटा मिळवा. दिवा विझल्यावरही पाणी ढवळत राहा आणि पारा सर्वांत वर गेला तो आकडा घ्या.

एवढं करूनही एक तूट उरते. मोलमागचा (एक मोल इथेनॉल म्हणजे सुमारे 46 ग्रॅम) 1367 किलोज्यूल हा आकडा जळून तयार झालेलं पाणी द्रव आहे असं धरून काढलेला आहे. आपल्या दिव्यावर त्याची वाफ होऊन निघून जाते. एका मोल इथेनॉलमागे 3 मोल पाणी, प्रत्येकी 44 किलोज्यूल: 132, जवळजवळ 10 टक्के. डब्याने ती अडत नाही, म्हणून तुलना मी 1235 शी करायला सांगतो.