सबवूफर वेगळा ऐकू येतोय? या चुका टाळा

गणपतीला मुंबईहून गावी येणाऱ्या गाडीत हल्ली सामानाच्या पिशव्यांमध्ये एखादा सबवूफरही (फक्त खालचे, जाड सूर वाजवणारा स्पीकर) असतो. घरी पोचला की टीव्हीशेजारच्या रिकाम्या कोपऱ्यात जातो, वायर खुपसली जाते, नॉब पिरगळला जातो. मग भजनाची कॅसेट असो वा सिनेमा, बुवांचा आवाज समोरून येतो आणि पखवाज कोपऱ्यातून. बेस (हेच खालचे सूर) नीट जुळला असेल तर सबवूफर ठेवलाय कुठे, हे पाहुण्याला विचारावं लागतं. तुमच्याकडे तसं होत नसेल, तर नॉबला हात लावण्याआधी पुढचं तपासा.

जागा रिकामी आहे म्हणून तिथे ठेवणं

कोपऱ्यात बेस वाढतो हे खरं, पण सगळे सूर सारखे वाढत नाहीत. ५ मीटर लांबीच्या खोलीत साधारण ३५ हर्ट्झचा (सेकंदाला ३५ कंपनांचा) सूर लांबीच्या दिशेने घुमतो. दोन्ही टोकांच्या भिंतींशी तो फुगतो आणि बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. सोफा नेमका मध्यावर असतो. म्हणून सोफ्यावरचे काका म्हणतात, "वाढव रे जरा, काय कळतच नाय," आणि मागच्या भिंतीला टेकून बसलेली काकू कानांवर हात ठेवते. दोघंही खरंच सांगतायत. आवाज वाढवून यांचं भांडण मिटणार नाही, सोफा हातभर मागेपुढे सरकवून मिटेल.

सबवूफरची जागा शोधायची एक जुनी, खात्रीची रीत आहे. तो उचलून सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा. बेस गिटारचे सूर वरखाली फिरणारं ओळखीचं गाणं लावा आणि स्वतः ओणवे होऊन, कान जमिनीलगत ठेवून भिंतीकडेने फिरा. जिथे प्रत्येक सूर सुटा आणि सारख्या जोराचा ऐकू येतो, तिथे सबवूफर. घरातले हसतील, हसू देत.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट असते, ती शहरातल्या फ्लॅटवाल्यांना सुचत नाही. जांभ्याच्या जाड भिंती बेस आत परतवतात, पण कौलं आणि उघडी दारं त्याला वाट देतात. मे महिन्यात पडवीची दारं सताड उघडी ठेवून केलेलं सेटिंग श्रावणात खिडक्या लावून घेतल्यावर घुमायला लागतं. स्लॅबच्या बंगल्यात तर जास्तच. दोन्ही वेळचे नॉबचे आकडे कागदावर लिहून ठेवा.

एकच गाळणी दोनदा लावणं

रिसीव्हरमध्ये (सगळे स्पीकर चालवणाऱ्या पेटीत) क्रॉसओव्हर, म्हणजे खालचे सूर सबवूफरकडे आणि वरचे स्पीकरकडे वाटणारी गाळणी, ८० हर्ट्झवर, आणि सबवूफरच्या पाठीवरचा नॉबही ८० वर. ही चूक सर्रास दिसते. दोन गाळण्या एकावर एक बसल्या की ८० च्या आसपासचा आवाज नको तितका पडतो आणि स्पीकर व सबवूफर यांच्यामध्ये खड्डा होतो. रिसीव्हर हे काम करत असेल तर सबवूफरचा नॉब शेवटपर्यंत वर न्या, किंवा 'एलएफई' असं लिहिलेल्या (आतली गाळणी टाळणाऱ्या) सॉकेटमध्ये वायर लावा. स्पीकरचं सेटिंग 'स्मॉल' ठेवा. त्यात कमीपणा काही नाही. छोट्या स्पीकरवरचं खालच्या सुरांचं ओझं उतरतं, इतकंच. ८० च्या बऱ्याच वर, १२० वगैरे नेलंत तर आवाज कुठून येतोय हे कानाला कळायला लागतं.

साधा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर असेल तर मात्र सबवूफरचाच नॉब वापरायचा. स्पीकर ५५ हर्ट्झपर्यंत उतरत असतील तर ६० पासून सुरुवात करा आणि कानाने जुळवा.

फेजचा खटका विसरणं

सबवूफरच्या मागे ० आणि १८० असा खटका असतो. सबवूफरचा पडदा स्पीकरच्या पडद्यासोबत हलावा की उलट, हे तो ठरवतो. ८० हर्ट्झचा टोन स्पीकर आणि सबवूफर दोन्हींवर लावा, एकाने सोफ्यावर बसा, दुसऱ्याने खटका फिरवा. ज्या बाजूला आवाज भरतो ती बरोबर. दोन्हीकडे सारखाच पोकळ वाटला तर आधी स्पीकरच्या वायरी बघा. लाल-काळं एका बाजूला उलटं लागलेलं असतं.

रिसीव्हरने माइक लावून मोजलेलं सबवूफरचं अंतर टेपने मोजलेल्यापेक्षा जास्त निघालं तर 'दुरुस्त' करू नका. सबवूफरच्या आतल्या सर्किटमुळे होणारा उशीर त्यात धरलेला असतो.

खळखळीचा दोष सबवूफरला देणं

आवाज फाटतोय अशी तक्रार आली की मी आधी घर तपासतो. २० ते १०० हर्ट्झ हळूहळू चढणारा टोन लावा आणि खोलीभर फिरा. फडताळातले स्टीलचे डबे, तसबिरीची काच, सैल कौल, देव्हाऱ्यातली घंटासुद्धा ठरावीक सुराला थरथरते. डब्याखाली फडकं घातलं की सबवूफर 'दुरुस्त' होतो.

खरा बिघाड बहुतेक वेळा स्पीकरच्या वायरीच्या टोकाशी असतो. खाऱ्या हवेत उघडी तांब्याची तार काळी पडते, मग हिरवी. पुन्हा पिळून उपयोग नाही. तेवढा तुकडा कापा, आतली लालसर तार उघडी करा आणि बनाना प्लग (तारेच्या टोकाला बसणारी पिन) लावा. सतत घूं येत असेल तर अर्थिंग तपासायला वायरमनला बोलवा. सबवूफर आणि टीव्ही वेगवेगळ्या बोर्डांवर असतील तर एकाच बोर्डावर आणून बघा, आणि डिशची केबल काढल्यावर घूं थांबते का तेही. पण अर्थिंगची पिन तोडून घूं बंद करणारा कोणी भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

विजा चमकायला लागल्या की नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग काढा, डिशची केबलही काढा.