झुलू मडक्यांची खापरे वाचताना या चुका टाळा

दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताल प्रांतातले झुलू लोक ज्वारीची बिअर, म्हणजे उत्श्वाला, आंबवतात ती मोठ्या इम्बिझात आणि पितात ती गोलसर उखाम्बातून. दोन्ही भांडी बायका चाकाशिवाय, मातीच्या वळ्या एकावर एक चढवून घडवतात. अशा मडक्याच्या खापरावर घडणीच्या, भाजणीच्या, वापराच्या आणि जमिनीत पडून राहिल्याच्या खुणा एकमेकींत मिसळलेल्या असतात. त्यांची गल्लत झाली की पुढचे सगळे निष्कर्ष चुकतात.

सर्वात जास्त फसवतो तो काळा रंग. काळे खापर दिसले की ‘कच्चे भाजलेले’ किंवा ‘चुलीवरचे’ अशी नोंद करू नका. काळा उखाम्बा दोनदा भाजलेला असतो. पहिल्या उघड्या जाळात तो तांबूस होतो. मग वाळलेले गवत किंवा शेण पेटवून त्याच्या धुरात तो काळा करतात, वर चरबी चोळतात आणि घोटतात. खापराची ताजी तुटलेली कड भिंगाखाली पाहा. बाहेर पातळ काळा थर आणि आत फिकट माती असेल, तर रंग मुद्दाम दिलेला आहे. दोन फिकट पृष्ठभागांच्या मधोमध काळा गाभा असेल, तर जाळ लवकर विझल्याने मातीतले सेंद्रिय द्रव्य जळायचे राहिले. चुलीची काजळी बाहेरून पोटाच्या खालच्या भागावर डागाडागांनी बसते. तरीही शंका राहिली, तर फोटो काढून नखाएवढा तुकडा खेळत्या हवेच्या विद्युत भट्टीत सुमारे ६०० अंशांवर तासभर तापवा. धुराचा काळेपणा उडतो, मँगनीज या धातूमुळे आलेला राहतो.

‘७०० अंशांना भाजले, म्हणजे भट्टी होती’ हे विधान तर करूच नका. मडक्यांचे अभ्यासक ऑलिव्हिए गोसलँ यांनी १९९२ मध्येच दाखवून दिले की उघडा जाळ, खड्डा आणि भट्टी यांची तापमाने एकमेकांत इतकी शिरतात, की तापमानावरून पद्धत ओळखता येत नाही. उघड्या जाळात एकाच मडक्याच्या दोन बाजूंनाही वेगळे तापमान लागते.

आतला पृष्ठभाग खडबडीत दिसला की सगळा दोष जमिनीला देऊ नका. दक्षिण इथिओपियातल्या गामो समाजात पुरातत्त्वज्ञ जॉन आर्थर यांना आढळले की आंबवणीतले आम्ल बिअरच्या मडक्याची आतली बाजू खाते आणि तिथे बारीक खड्डे पडतात. तिथे बिअर मुख्यतः सधन घरांत बनत असल्याने ही झीज घराची ऐपतही सांगून जाते. फरक असा ओळखा: आंबवणीची झीज फक्त आत आणि बिअरच्या पातळीपर्यंतच असते. आम्लयुक्त जमिनीत चुन्याचे कण विरघळले, तर पोकळ्या दोन्ही बाजूंना आणि तुटलेल्या कडेवरही दिसतात.

एक छोटी पण महागात पडणारी चूक. वळीच्या सांध्यावर मडके फुटले की आडवी, गुळगुळीत, गोलसर कड मिळते. तिलाच काठ समजून व्यास काढला जातो. खऱ्या काठावर घोटल्याच्या किंवा बोट फिरवल्याच्या खुणा माथ्यावरून सलग जातात, सांध्यावर त्या कडेपाशीच थांबतात.

प्रतिकृती करून पाहताना मडक्याचा भिंगासारखा टवका उडाला, तर मातीत ओल होती आणि तिची वाफ बाहेर पडू शकली नाही. मडके गालाला लावा. गार लागले तर अजून सुकवा. भाजण्याआधी हलक्या आचेवर उलटेसुलटे शेकून घ्या. चिकणमाती फार चिवट असेल, तर घनफळाने चौथा हिस्सा भरड वाळू घालून चाचणीची वडी आधी भाजा. आडव्या चिरा पडत असतील, तर खालची वळी जास्त सुकली होती. ती खरवडून, ओली करून मगच पुढची दाबा.

धुताना आतली बाजू ब्रशने घासू नका आणि खापर आम्लात बुडवू नका. अवशेष-विश्लेषणासाठी, म्हणजे मडक्यात काय ठेवले होते ते मुरलेल्या अंशांवरून तपासण्यासाठी, काढलेले तुकडे न धुता, उघड्या बोटांनी न हाताळता ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीतली रसायने खापरात मुरलेल्या चरबीच्या नमुन्यात मिसळतात.