सातबाऱ्यावरचा 'पोटखराबा' आणि बेडकांची मोजणी

सातबाऱ्यावर 'पोटखराबा' म्हणून, म्हणजे लागवडीला अयोग्य म्हणून, नोंदलेली जमीन मी पहिल्यांदा नीट पाहिली ती एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी, जूनमध्ये, राजापूरजवळच्या एका सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर. मे महिन्यात तव्यासारखा तापलेला जांभ्याचा कातळ आठवड्याभराच्या पावसात डबक्यांनी भरून गेला होता. रात्री बेडकांचा गलका इतका, की शेजारच्या मैत्रिणीचं बोलणं ऐकू येईना. प्रबंधाचा विषय असा होता: सडा, भातखाचरं आणि आंब्याची बाग या तीन ठिकाणी कोणकोणते उभयचर आणि सरपटणारे प्राणी राहतात, आणि जमिनीचा वापर बदलला की त्यांच्यात काय बदल होतो. या वाटेने येऊ पाहणारी मुलं आता मला विचारत असतात, म्हणून हे लिहिते आहे.

आधी बाग कशी होते ते समजून घ्या. कातळावर हापूस लावायचा तर सुरुंग लावून खड्डे काढतात, दुसरीकडून माती आणून भरतात, सुटे दगड वेचून गडगा (दगडी कुंपण) घालतात. यातली प्रत्येक कृती कुणाचं तरी घर बदलते. माती पसरली की कातळावरचे उथळ खळगे बुजतात. मासे नसलेल्या अशा तात्पुरत्या पाण्यात अंडी घालणारे बेडूक इथे आहेत. आंबोलीचा भेक असाच कातळावरच्या डबक्यात अंडी घालतो. 2009 मध्ये त्याला नाव मिळालं, आणि आज तो अतिसंकटग्रस्त प्रजातींत गणला जातो. पाणी आटायच्या आत पिल्लांना पाय फुटून बाहेर पडावं लागतं. डबकं बुजलं तर त्यांना दुसरी जागा नाही.

दगडांचंही तसंच. उन्हाळ्यात सड्यावरच्या सुट्या दगडाखाली ओल आणि गारवा टिकतो. तिथे फुरसं असतं, विंचू असतो, देवगांडूळ (गांडुळासारखा दिसणारा बिनपायांचा उभयचर) असतं, आणि 1963 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातूनच शास्त्राला माहीत झालेली पांढऱ्या पट्ट्यांची छोटी पाल असते. गडग्यात रचलेल्या दगडांचा काही पालींना आणि सापांना उपयोग होतो, नाही असं नाही. पण जमिनीला टेकलेल्या एकट्या दगडाखालची ओल तिथे मिळत नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच: प्रजाती किती यावर थांबू नका, कोणत्या ते बघा. खाचरात बेडूक खूप दिसतात. चिखल आणि साचलेलं पाणी चालणारे छोटे बेडूक तिथे मजेत वाढतात. वहीतला आकडा भरगच्च होतो. पण कातळावाचून ज्यांचं चालत नाही ते त्या आकड्यात नसतात. माझ्या पहिल्या तक्त्यात खाचर आणि सडा जवळजवळ सारखेच दिसत होते. नावं शेजारी शेजारी लिहिली तेव्हा फरक डोळ्यांपुढे आला, आणि तो आठवडा मी फार अस्वस्थ होते.

संख्या वाढली म्हणजे बरं चाललंय असंही नाही. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. तिथल्या गळ्याला पंखा असलेल्या सरड्यांवरचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. (त्या सरड्यांच्या वंशाचं, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या गटाचं, शास्त्रीय नावच मुळी आपल्या 'सरडा' शब्दावरून 'सराडा' ठेवलं आहे.) पवनचक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट होते. पवनचक्क्यांच्या भागात पक्षी घटले, तसे सरडे वाढले. पण ते सरडे अंगाने कमी भरलेले, माणसाला सहज जवळ येऊ देणारे आणि पंख्याचा रंग फिका असलेले होते. नुसती मोजणी केली असती तर यातलं काहीच कळलं नसतं.

आता कामाचं. बागेत गवत दाट असतं, कातळ उघडा असतो. बागेत बेडूक कमी दिसले, तर ते खरोखर कमी होते की फक्त दिसले नाहीत? हा प्रश्न पहिल्या दिवसापासून मनात हवा. प्रत्येक जागी तेवढाच वेळ द्या, तिथे पुन्हा पुन्हा जा, आणि पाऊस, तापमान, वेळ दर खेपेला लिहा. आवाज ओळखायला शिका, अंधारात कान डोळ्यांपेक्षा जास्त कामाला येतात. दगड उलटताना पलीकडची कड धरून आपल्याकडे उचला, म्हणजे खाली फुरसं निघालं तर मध्ये दगडाची आड राहते. हातात लांब आकडी, पायात उंच बूट, आणि जवळच्या कोणत्या दवाखान्यात सर्पदंशावरचं प्रतिविष आहे याची चौकशी आधीच. बघून झालं की दगड होता तसाच, त्याच खाचेत ठेवा. पहिल्या महिन्यात घाईत मी काही दगड वाकडे ठेवले. पंधरा दिवसांनी पाहिलं तर त्यांच्याखालची जमीन कोरडी ठणठणीत होती. ते अजून मनाला लागतं.

प्राणी पकडायचे, मोजायचे, नमुने घ्यायचे असतील तर वनविभागाची परवानगी हवीच. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा नीट वाचा. एका डबक्यातून दुसऱ्याकडे जाताना बूट धुऊन निर्जंतुक करा, बेडकांचे आजार आपल्या पायांनी पसरू शकतात.

आणि मालकाशी बोला. एका बागेचे मालक, सत्तरीचे आजोबा, मला म्हणाले, "बाय, या कातळावर आमी गवत कापायचो, गुरं सोडायचो. बाग तर मुलांसाठी केली." त्यांच्याशी तासभर बोलून जमिनीचा चाळीस वर्षांचा इतिहास मिळाला: सुरुंग कधी लागला, माती कुठून आली, फवारणी कोणत्या महिन्यांत होते. ज्या खाचरांची माणसं मुंबईला गेली, ती खाचरं किती वर्षं पडीक आहेत हेही असंच कळतं, आणि पडीक खाचर हे नांगरत्या खाचरापेक्षा वेगळं ठिकाण म्हणून नोंदवावं लागतं. त्या आजोबांची बाग चुकीची होती असं मला वाटत नाही. चार पैसे देणारं पीक हवंच. मात्र बागेतला एक कोपरा, दोन डबकी आणि सुटे दगड तसेच ठेवता आले असते का, हे मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "आधी कोणी सांगितलंच नाय."

शिक्षणाचं थोडक्यात: प्राणिशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्रात पदवी चालते. पुढे डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था किंवा बंगळुरूच्या एनसीबीएसचा (नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस) वन्यजीव अभ्यासक्रम आहे. प्रवेश मिळेपर्यंत थांबू नका. येत्या जूनमध्ये गावाजवळचा एखादा सडा निवडा आणि पहिल्या पावसाआधी एकदा, नंतर दर आठवड्याला तिथे जा. वहीच्या पहिल्या पानावर त्या जमिनीचा गट नंबर आणि मालकाने सांगितलेली हकिगत लिहा, बेडकांची नावं दुसऱ्या पानापासून.