मिररलेस कॅमेरा दुरुस्तीला टाकण्याआधी: खान्देशच्या ऊन-धुळीत हमखास होणाऱ्या चुका

कॅमेऱ्याचं मॅन्युअल कुणी वाचत नाही, पण त्यातली एक ओळ जळगाव-भुसावळकरांनी तरी वाचावी. बहुतेक मिररलेस (आत आरसा नसलेले) कॅमेरे ० ते ४० अंश सेल्सिअसमध्ये वापरायचे असतात. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतलाच पारा ४५च्या आसपास असतो. म्हणजे कॅमेरा पिशवीतून काढला की तो कंपनीच्या हिशेबाबाहेर गेलाच. त्यात काळ्या मातीची धूळ, जिनिंगच्या आसपास उडणारे कापसाचे तंतू आणि वरातीतला डीजे. यातून जे 'बिघाड' दिसतात त्यातले बरेचसे बिघाड नसतातच. तरी कॅमेरा कुरिअरने मुंबई-पुण्याला जातो, तिथे पडून राहतो आणि 'दोष आढळला नाही' अशी चिठ्ठी घेऊन परत येतो.

धुळीत लेन्स बदलणं

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडेबाजार भरतो, तेव्हा हौशी फोटोग्राफरची निम्मी फौज तिथे असते. कुणी घोड्याची रेवाल चाल दाखवत असतो, टापांखालची माती गुडघ्याएवढी उडते आणि वारा नसला तर तिथेच तरंगत राहते. नेमकं त्या गर्दीत लोक किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळालेली) काढून टेलिफोटो (दूरचं जवळ आणणारी) चढवतात. आरशाच्या डीएसएलआरमध्ये लेन्स काढली तरी सेन्सरपुढे (फोटो टिपणाऱ्या चिपपुढे) आरसा आणि मिटलेलं शटर असायचं. मिररलेसमध्ये बऱ्याच बॉडींचा (लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्याचा) सेन्सर सरळ उघडा पडतो.

यात्रेला निघतानाच ठरवा: आज एकच लेन्स. मला विचाराल तर घोडेबाजारासाठी १८-१३५ सारखी एक लांब पल्ल्याची झूम पुरते, मग भले तिची तीक्ष्णता प्राइमएवढी (झूम नसलेल्या लेन्सएवढी) नसो. बदलायचीच असेल तर गाडीत बसा, काचा वर, पंखा बंद. कॅमेरा ऑफ करा, तोंड खाली धरा, दुसऱ्या लेन्सचं मागचं झाकण आधीच सैल करून ठेवा. काही बॉडींमध्ये कॅमेरा बंद केल्यावर शटर मिटवून ठेवायचं सेटिंग असतं. मेनूत शोधा, असेल तर चालू करा.

धूळ बसली की नाही हे ओळखणं सोपं आहे. अपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत घेणारं छिद्र) एफ १६ वर न्या, फोकस मुद्दाम बिघडवा आणि मोकळ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. प्रत्येक फोटोत त्याच जागी करडे ठिपके दिसले तर ती सेन्सरवरची धूळ. ठिपके फक्त व्ह्यूफाइंडरमध्ये दिसत असतील आणि फोटोत नसतील, तर व्ह्यूफाइंडरची काच पुसा, विषय संपला. लेन्सच्या आतली बारीकशी धूळ फोटोत सहसा दिसत नाही. तिच्यासाठी लेन्स उघडायला देणं म्हणजे पैसे आणि लेन्स दोन्ही पणाला लावणं.

सेन्सरवर आधी कॅमेऱ्यातली स्वच्छतेची सोय वापरा, मग तोंड खाली धरून रबरी ब्लोअर. तोंडाने फुंकर कधीच नको, थुंकीचा थेंब कोरड्या धुळीपेक्षा चिवट निघतो. कॉम्प्युटर साफ करायचा दाबाच्या हवेचा डबाही नको. आणि शटर मिटलेलं असताना ब्लोअर मारू नका, ते पडदे फार नाजूक असतात. एवढं करूनही ठिपके राहिले तर सेन्सरच्या मापाचा ओला स्वॅब लागतो. हात थरथरत असेल तर ते काम जाणकाराला द्या.

'लेन्स सॉफ्ट आहे'

ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते, आणि तिच्यात लेन्सचा दोष सगळ्यात कमी असतो.

हतनूर धरणावर हिवाळ्यात पाहुणे पक्षी येतात. लोक सकाळी आरामात नाश्ता करून दहाला पोहोचतात, दूर पाण्यावरच्या बदकांवर २१० किंवा ३०० मिलिमीटरची लेन्स रोखतात आणि घरी येऊन बघतात तर पिसांचा पत्ता नाही. ऊन चढलं की जमिनीलगतची आणि पाण्यावरची हवा थरथरते. रस्त्यावर मृगजळ दिसतं त्याच तापलेल्या हवेतून तुम्ही फोटो घेत असता. लाखाची लेन्सही इथे हात टेकते. खात्री करायची तर ट्रायपॉडवरून पाठोपाठ दहा फोटो काढा. बदकाचा काठ प्रत्येक फोटोत वेगळा वाकलेला दिसला, तर दोष हवेचा. उपाय दोनच: सूर्य वर यायच्या आत पोहोचणं आणि जवळ जाणं. गाडीच्या खिडकीतून काढत असाल तर एसी बंद करून काच आधी थोडा वेळ उघडी ठेवा, आतली-बाहेरची हवा मिसळतानाही तेच होतं.

दुसरं कारण शटरचा वेग. बॉडीत स्टॅबिलायझेशन आहे म्हणून १/६० सेकंदाला पक्षी टिपायला जाणारे पुष्कळ. स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताचं थरथरणं थांबवतं, बगळ्याचं चालणं नाही. चालता बगळा १/५००, उडता असेल तर १/२००० धरा, धावत्या घोड्याला किमान १/१०००. त्यासाठी आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० झालं तर होऊ द्या. दाणेदार फोटो सुधारता येतो, हललेला नाही.

याच्या उलट, अजिंठ्याला गेलात (जळगावहून तासा-दीड तासाचा तर रस्ता) की स्टॅबिलायझेशनचा खरा उपयोग कळतो. तिथे फ्लॅशला बंदी आहे आणि लेण्यांत अंधार. चित्रं काही हलत नाहीत, त्यामुळे श्वास रोखून हातातच १/१५ ला काढलेला फोटोही नीट येतो.

तिसरं, 'सगळं शार्प यावं' म्हणून एफ २२ लावणं. एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरवर एफ ११च्या पुढे गेलं की प्रकाशाच्या विवर्तनाने सगळंच किंचित मऊ होत जातं. तोरणमाळच्या दरीसाठी एफ ८ भरपूर झालं.

सायलेंट शटरचा मोह

आवाज होत नाही म्हणून लोक इलेक्ट्रॉनिक शटर कायमचं चालू ठेवतात आणि मग तीन वेगवेगळे 'बिघाड' घेऊन येतात.

घोड्याचे पाय किंवा पळत्या बसच्या खिडक्या तिरक्या आल्या: बहुतेक सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचले जातात, तेवढ्यात पाय पुढे गेलेला असतो. हॉलमधल्या फोटोंवर आडवे काळे-पिवळे पट्टे आले: आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. फ्लॅश पडतच नाही: बहुतेक बॉडींत इलेक्ट्रॉनिक शटरवर तो बंदच असतो. तिन्हींवर पहिला इलाज एकच, मेकॅनिकल शटर. पट्टे तरीही राहिले तर वेग १/१०० किंवा १/५० करा आणि अँटी-फ्लिकर चालू करा. स्टेजमागच्या रंगीत एलईडी भिंतीचं लुकलुकणं मात्र वेगळ्या गतीचं असतं. तिथे शटरचा वेग थोडाथोडा बदलत पट्टे कुठे मावळतात ते बघावं लागतं.

व्ह्यूफाइंडरवर डोळे झाकून विश्वास

मिररलेसची मोठी सोय म्हणजे फोटो काढण्याआधीच दिसतो. पण तुम्ही बघता तो छोटा पडदा आहे, आणि त्याचा उजेड आजूबाजूच्या उजेडात फसवतो. भर दुपारी कपाशीच्या वेचणीचे फोटो काढताना मागची स्क्रीन अंधारी वाटते, म्हणून एक्स्पोजर वाढवलं जातं. घरी आल्यावर बोंडातला कापूस नुसता पांढरा डाग. रात्री शेतात भरिताची पार्टी असली की उलटं होतं. वांगी भाजायला पेटवलेल्या काड्यांच्या उजेडात स्क्रीन झगमगीत दिसते आणि फोनवर घेतल्यावर चेहरे काळे. डोळ्यांपेक्षा हिस्टोग्रामवर (उजेडाच्या आलेखावर) भरवसा ठेवा. पांढऱ्या टोप्या, धोतरं, कापूस असेल तिथे झेब्रा पट्टे (अति उजळ भागावर दिसणाऱ्या रेघा) चालू ठेवा आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा. त्या जाळाच्या उजेडाला ऑटो व्हाइट बॅलन्स (रंग आपोआप जुळवणारी सोय) कधीकधी निळसर करून टाकतो. मी तिथे 'ढगाळ' लावतो, ऊब राहते.

तापणं

बाहेर ४४ अंश असताना फोर-के व्हिडिओ काही मिनिटांत बंद पडला तर कॅमेरा स्वतःला वाचवतोय. स्क्रीन बॉडीपासून बाहेर वळवा, रेकॉर्डिंग नसताना कॅमेऱ्यावर पांढरा रुमाल टाका, सेकंदाला ५० फ्रेमऐवजी २५ घ्या, शक्य तिथे फुल एचडीवर या. तापलेली बॅटरी लगेच चार्जरला लावू नका. आणि उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर कॅमेरा ठेवणाऱ्याला काय सांगायचं!

खरं नुकसान करणाऱ्या दोन गोष्टी

वरचं सगळं दुरुस्त होतं. हे होत नाही. वराती आणि मिरवणुकांतल्या डीजेच्या गाडीवर लेझर असतात. त्यांचा झोत थेट लेन्समध्ये आला तर सेन्सरवर कायमचे ठिपके किंवा रेघा उमटू शकतात. मिररलेसचा सेन्सर फ्रेम लावताना सतत उघडाच असतो, म्हणून धोका जास्त. गाडीकडे पाठ करून नाचणाऱ्यांचे फोटो काढा. लेझरचा व्हिडिओ हवाच असेल तर तो दुसऱ्या कुणाच्या तरी कॅमेऱ्यावर काढू द्या.

दुसरा सूर्य. तापीवरचा मावळता लाल गोळा ठीक, पण वरच्या सूर्यावर टेलिफोटो रोखून ट्रायपॉड सोडून चहाला जाऊ नका. लेन्स बहिर्गोल भिंगाचं काम करते आणि आत सेन्सर किंवा शटरचा पडदा जळतो. मध्येच थांबायचं तर लेन्सला झाकण लावा.

घाबरू नये अशा गोष्टी

बंद कॅमेरा हलवला की आत खडखडतं: बॉडीतल्या स्टॅबिलायझेशनचा सेन्सर वीज नसताना मोकळा असतो, तुटलेलं काही नाही. मागची स्क्रीन अचानक काळी: व्ह्यूफाइंडरजवळच्या डोळ्याच्या सेन्सरवर पट्टा, रुमाल किंवा धूळ आली आहे. जुनी मॅन्युअल लेन्स ॲडॉप्टरने लावली आणि कॅमेरा क्लिकच होत नाही: 'लेन्सशिवाय शटर' चालू करा. किट लेन्स लावल्यावर चूक दाखवते: ती घडीची असेल, झूमची रिंग फिरवून उघडा. बॅटरी दुपारपर्यंतच टिकते: मिररलेसची टिकतच नाही, दोन जादा घ्या.

पावसाळ्यात नवापूर-अक्कलकुव्याकडे राहणाऱ्यांनी लेन्स चामडी पिशवीत बंद करून कपाटात ठेवू नयेत, बुरशी तिथेच धरते. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत स्वस्तातला आर्द्रतामापक. काटा ४०-५० टक्क्यांत राहिला की झालं. जेल भिजलं की बदला किंवा वाळवा.

दुसरी लेन्स लावूनही तोच एरर येतो, शटरचा पडदा वाकलाय, लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते, पाणी शिरलंय: अशा वेळी मात्र स्वतः काही उघडू नका. पाणी शिरलेल्या कॅमेऱ्याची बॅटरी काढा आणि तो पुन्हा चालू करून बघू नका. पाठवताना कार्ड, पट्टा, जादा बॅटरी घरी ठेवा. सोबत दोष दिसणारे दोन-तीन फोटो द्या, आणि तो कोणत्या लेन्सवर, कोणत्या सेटिंगला आला ते कागदावर लिहा. 'कॅमेरा नीट चालत नाही' एवढ्या ओळीवर समोरच्या माणसालाही काही करता येत नाही.