वाळूचा सेट थरथरायचा थांबला

ॲनिमेशनपटासाठी ठाण्याची खाडी वाळूत उभी करायची होती. काचेखाली दिवा, वर वाळू: थर विरळ तिथे उजेड झिरपतो, जाड तिथे मिट्ट काळोख. वरून कॅमेऱ्याने एकेक फ्रेम, म्हणजे एकेक फोटो, काढत होडी थोडी थोडी सरकवायची. पण ती सरकवताना बोटाचा धक्का लागून मागची खारफुटी दर फ्रेमला थरथरायची. शेवटी दोन काचा घेतल्या. खालच्या काचेवर सेट, चार बोटं वर दुसरी काच, तिच्यावर फक्त होडी आणि कोळी. फोकस वरच्या काचेवर. मागचं किंचित धूसर झालं, ते मला फारच आवडलं. पहाटे खाडी अशीच दिसते. पावसाळ्यात वाळू दमट होऊन गोळे धरते, म्हणून तव्यावर कोरडी भाजून, गार करून मैद्याच्या चाळणीने चाळते. पंखा बंदच. कॅमेऱ्याचं एक्सपोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, मॅन्युअलवर (हाताने ठरवून कायम) ठेवा, नाहीतर चित्र लुकलुकतं. खारफुटीची मुळं ब्रशच्या दांड्यानेच छान उमटतात.